बाबा वाचतात तेव्हा

रविवार, ९ फेब्रुवारी

विटा नव्हत्या!

काल दिवसभर हे पोटात घेऊन फिरले. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आम्हा ज्यूंमध्ये लेखणी उचलत नाहीत, म्हणून आज उजाडल्या उजाडल्या वही काढली आहे. आई स्वयंपाकघरातून ओरडते आहे — "अगं, आधी तोंड तरी धू!"

समुद्र दुभंगल्यावर मोशेने आणि लोकांनी म्हटलेलं ते गाणं. वर्षातून एका शनिवारी त्याची पाळी येते. एरवी तोराच्या, आमच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळीतले स्तंभ गच्च भरलेले, शब्दाला शब्द लागून. गाणं मात्र मोकळं लिहितात. थोडे शब्द, मग कोरी जागा. खालच्या ओळीत कोऱ्या जागेखाली शब्द. भिंतीत विटा रचाव्यात तसं. ते वाचताना सगळे उभे राहतात. आमचा बायकांचा सज्जा वाचन होतं त्या मधल्या चौथऱ्याच्या अगदी डोक्यावर आहे. लहानपणापासून मी त्या दिवशी कठड्यावरून वाकून ती भिंत बघते आणि आई मागून माझा फ्रॉक धरून ठेवते. आता ओढणी धरते.

काल वाकले. दर शनिवारी सभेसाठी तोरा बाबाच वाचतात, तेव्हा ते गाणंच म्हणत होते. काय सूर लागला होता! सिनेगॉगचे अध्यक्ष गडगडकाका (कुजबुजले तरी रस्त्यापर्यंत ऐकू जातं, म्हणून हे नाव) डोळे मिटून उभे होते. बाबांच्या हातातली चांदीची काडी ओळीवरून सरकत होती. आणि ओळ गच्च. स्तंभ गच्च. एकही वीट नाही!

म्हणजे बाबा म्हणत होते एक, आणि पुढ्यात उघडं होतं भलतंच.

शम्माश, म्हणजे सिनेगॉगचे सेवक, आजारी आहेत. गुंडाळी योग्य जागी उघडून ठेवणं हे त्यांचं काम. या वेळी ते त्यांच्या मेहुण्याने केलं. तो चुकला असणार, ते ठीक. पण बाबांना कसं कळलं नाही?

सोमवार, १० फेब्रुवारी

मीच चुकले असेन. उंचावरून काय दिसतं!

(नाही. मला दिसतं. मला ही अक्षरं बाबांनीच शिकवली, शिलाई मशिनच्या शेजारी स्टुलावर बसवून. ते पाय मारायचे, मी वाचायची. चुकले की मशिन थांबायचं. कापडावरची नजरही वर न करता!)

गुरुवार, १३ फेब्रुवारी

या वर्षीचा माझा संकल्प चालू आहे — दर शनिवारी तोराचा जो भाग वाचतात त्यातून एक धडा घ्यायचा आणि तो आठवडाभर जगायचा. नुसतं डोलत ऐकून घरी येऊन जेवायचं, याला काय अर्थ? धाकटा भाऊ म्हणतो, "आली रब्बीणबाई! सांभाळा, आज कोणाचा तरी उद्धार होणार."

या आठवड्यात मोशेचे सासरे येतात. जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचे तंटे सोडवत बसलेला पाहून म्हणतात, असा तूही थकशील आणि लोकही थकतील, कामं वाटून दे. म्हणून मी आज घरातली कामं वाटायला बसले. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सासरे सांगून मोकळे झाले. पण एक तरी तंटा सोडवला का त्यांनी?"

धाकटा दुकानात बाबांच्या हाताखाली असतो. हल्ली कापायचं काम तोच करतो, बाबांचा खांदा दुखतो म्हणून. त्याला मी पाणी भरणं दिलं. तोंड वाकडं, पण घेतलं. मी म्हटलं, "आई, आणि सकाळी दुकानात सुया नेऊन द्यायच्या असतात ना, त्या मी ओवते."

आई एकदम फणकारली. "सुयांना हात लावायचा नाही! ते माझं काम आहे."

टेबलावर टाचण्यांची उशी होती. तिच्यात सुया ओळीने खोचलेल्या, सगळ्या ओवलेल्या. काळा दोरा, पांढरा, निळा, खाकी. लांब लांब शेपट्या.

"कधीपासून ओवून देतेस?"

"झाले दिवस," आई म्हणाली आणि पोळपाट धुवायला घेतला. पोळपाट धुतलेलाच होता.

रविवार, १६ फेब्रुवारी

शम्माश बरे झाले. काल गुंडाळी बरोबर जागी होती. मी काडी कुठल्या शब्दावर आहे तेवढंच बघितलं. बाबांचं वाक्य संपायचं, तेव्हा काडी अजून त्या वाक्याच्या मध्यावर असायची. कधी दोन ओळी पुढे. बाबा वाचत नाहीत. बाबा पाठ म्हणताहेत.

सगळं! एक अक्षर इकडचं तिकडे न होता!

अभिमान वाटावा की भीती ते कळेना. कारण नियम मला माहीत आहे, त्यांनीच शिकवला आहे. लिहिलेलं असेल ते बघून वाचायचं. सभेसाठी पाठ म्हटलेलं चालत नाही. वाचनाआधीचा आशीर्वाद म्हणायला जो चौथऱ्यावर येतो त्याला ती स्वरचिन्हांवाचूनची अक्षरं वाचता येत नाहीत. गडगडकाका पुढ्यात छापील पुस्तक धरून चुका शोधतात आणि चूक सापडत नाही. सापडणार कशी? सज्ज्यातल्या बायका झुंबर बघतात.

म्हणजे हे फक्त मला ठाऊक आहे. आणि उशीत सुया खोचणाऱ्या एका बाईला.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आठवड्याचा धडा: वैऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं तर पाठ फिरवायची नाही, हात द्यायचा.

समोरच्या दारातल्या वहिनींशी आईचं बोलणं बंद आहे. त्यांच्या ओल्या चादरी आमच्या वाळवणावर गळतात, हे कारण. आज त्यांचं नवं कपडे धुण्याचं मशिन जिन्याच्या वळणावर अडकलं. हमाल एकटाच. वहिनी वरून सूचना देत होत्या आणि तो खालून देवाला हाका मारत होता. माझ्या डोळ्यांपुढे गाढवच आलं! धावले, खालून खांदा लावला, मशिन वर गेलं. वहिनींना भरून आलं. "तू कशी गं आलीस धावत?" मी खुलून त्यांना तो सगळा नियम सांगितला.

वहिनी म्हणाल्या, "म्हणजे मी यात वैरी की गाढव?"

आईला सांगितलं तर ती हसता हसता खालीच बसली. दुपारी तिने स्वतः वहिनींकडे वाटीभर साखर मागितली. घरात डबाभर साखर आहे.

हे सगळं छान. पण खरं ओझं मी अजून उचललेलं नाही. बाबांचं.

रविवार, २३ फेब्रुवारी

सांगितलं. आज. दुकानात.

कसं सांगायचं यालाही नियम आहे, आणि तो मला फार आवडतो. बाप चुकत असेल तर "तुमचं चुकलं" म्हणायचं नाही. विचारायचं — बाबा, असं असं लिहिलं आहे ना? म्हणजे त्याची मान खाली जात नाही, त्याचं त्यालाच आठवतं. रात्रभर मनात वाक्यं जुळवत होते. पदवीच्या तोंडी परीक्षेला एवढी घाबरले नव्हते.

धाकटा बटणं आणायला गेला होता. बाबा एका पँटची सरळ शिवण मारत होते. मी स्टुलावर बसले.

"बाबा, जे लिहिलेलं आहे ते पाठ म्हणून चालतं का हो?"

मशिन थांबलं.

"नाही चालत," बाबा म्हणाले. बराच वेळ कापडावरून हात फिरवत राहिले. मग, "कोण म्हणालं?"

"कोणी नाही. गाण्याच्या दिवशी मला विटा दिसल्या नाहीत."

"कुठे उघडी होती?"

"माहीत नाही. पण विटा नव्हत्या."

बाबा हसले. हसूच आलं त्यांना, खरंच! "तरीच. मेहुणाबुवा मला दारात भेटून म्हणाला, मास्तर, नीट लावली आहे हं." आणि मग हसू ओसरलं. "आईला सांगू नकोस."

"बाबा, आई सगळ्या सुया ओवून पाठवते."

"ते मीच सांगितलंय तिला. म्हटलं, तेवढाच वेळ वाचतो."

"आणि तिला पटलं असेल, असं वाटतं तुम्हाला?"

त्यांनी डोक्याला हात लावला. "अरे देवा. मला वाटत होतं मी तिला फसवतोय!"

डॉक्टरकडे यायला तयार झाले. एका अटीवर — आईने यायचं नाही. घरी गेले तर आई चपला घालून उभी. "किती वाजता जायचंय?"

गुरुवार, २७ फेब्रुवारी

डोळ्यांचे डॉक्टर तरुण आहेत, भराभर बोलतात. नजरेचा मधला भाग गेला आहे दोन्हीकडचा. कडा शाबूत आहेत आणि राहतील. ऑपरेशनने, चष्म्याने परत येणार नाही. म्हणून बाबा रस्त्याने नीट चालतात, माणसं ओळखतात, आणि समोर धरलेलं एक अक्षर दिसत नाही. जिथे बघावं तिथेच नेमका डाग!

"मग कसं बघायचं?" आईने विचारलं.

"बाजूला बघायचं," डॉक्टर म्हणाले. "चेहरा बघायचा असेल तर कानाच्या पलीकडे नजर लावा, म्हणजे चेहरा कडेला येतो. हे तर शिकलेले दिसतात आधीच."

मी तिथल्या खुर्चीवर बसले होते. निकालाच्या दिवशी धावत दुकानात शिरले होते, घरातली पहिली पदवी, आणि बाबा माझ्या कानावरून पलीकडे बघत "शाब्बास" म्हणाले होते. मला वाटलं, मनातून नाही आवडलं यांना. मुलगी पुढे गेली, म्हणून. तेव्हापासून तसेच बघतात. मी कितीदा कुढले आहे त्यावरून!

ते मला बघत होते.

येताना आईने त्यांचा दंड धरला. बाबा म्हणाले, "अगं, मला रस्ता दिसतो." आई म्हणाली, "मला दिसत नाही. चला गुपचूप."

रविवार, २ मार्च

देवासाठी उभारायच्या मंडपाचा भाग. कोशाला, आज्ञांच्या पाट्या ठेवायच्या पेटीला, सोन्याने मढवा, आतून आणि बाहेरून. आत कोण बघणार होतं? तरी आतूनही सोनं. माणूसही तसा असावा, आतबाहेर एक. हा धडा मी या आठवड्यात घेतला होता. फार जोरात घेतला होता.

काल बाबा पुन्हा चौथऱ्यावर गेले. पुन्हा पाठ. घरी आल्यावर मी म्हटलं, "बाबा, आता तर तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही."

"थोडे आठवडे जाऊ दे. तोराचं हे चालू पुस्तक तरी संपू दे."

"सगळे आशीर्वाद म्हणतात, 'आमेन' म्हणतात, त्यांना वाटतं ते तोरा ऐकताहेत—"

"मग काय ऐकताहेत? वर्तमानपत्र?"

"नियम तुम्हीच शिकवलात!"

धाकटा मध्ये पडला. "ताई, पुरे. किती तो तोरा तुझा!" नेहमी या विनोदावर बाबा हसतात. नाही हसले. म्हणाले, "शनिवारी तिथे उभा राहतो तेव्हा मी मास्तर. बाकीचे सगळे दिवस शिंपी. माझ्या बापाने तिथे उभं केलं मला, मिसरूड फुटायच्या आधी. तुला काय, तुझ्याकडे आता कागद आहे."

कागद म्हणजे माझं पदवीचं प्रमाणपत्र. त्यांनीच चौकट करून दुकानात लावलं आहे, कात्र्यांच्या वर. येईल त्या गिऱ्हाईकाला दाखवतात.

मंगळवार, ४ मार्च

बाबा बोलत नाहीत. "मीठ दे" सुद्धा धाकट्याकडून.

गुरुवार, ६ मार्च

आज आईने मला गच्चीत नेलं. कपडे वाळत घालायला. बादलीत दोनच टॉवेल होते.

"दर आठवड्याला धडा घेतेस, चांगलं आहे. घेतेस कोणासाठी?"

"म्हणजे?"

"स्वतःला लावायला घेतेस की दुसऱ्याला मारायला?"

मी म्हटलं, आई, मी खोटं बोलत नाहीये. ते चालत नाही म्हणजे नाही चालत.

"मी कुठे म्हणते चालतं? मला यातलं काही कळत नाही. मला चार अक्षरंसुद्धा येत नाहीत. मी वर बसते आणि यांचा आवाज ऐकते." तिने टॉवेल झटकला. "पण तू बरोबर आहेस म्हणून तुझं बोलणं बरोबर होत नाही. त्या माणसाचे डोळे गेलेत, बाळा. तुझ्या नियमाचा नंबर त्याच्या मागे."

रडले. मग म्हटलं, मग काय करू?

"काही करू नकोस. एकदाचं काही करू नकोस! ते तुझे वडील आहेत. तुझ्याआधी त्यांना कळतं."

आठवड्याचा भाग वाचला. मोशे जन्मल्यापासून पुढे असा भाग विरळाच, जिथे त्याचं नावच येत नाही. सगळं त्यालाच सांगितलं आहे, आणि नाव कुठेही नाही. यातून धडा काढायचा नाही असं ठरवलं आहे. या आठवड्यात सुट्टी.

रविवार, ९ मार्च

हे नीट लिहायचं आहे. एक शब्द सांडायला नको.

काल बाबांनी नेहमीसारखं अंगावर शुभ्र तल्लीथ, प्रार्थनेची शाल, घेतलं, चौथऱ्यावर चढले. गुंडाळी उघडली. काडी हातात घेतली. आणि ठेवून दिली.

"मंडळी," बाबा म्हणाले, "मला दिसत नाही."

गडगडकाकांना वाटलं दिव्याबद्दल म्हणताहेत. "अरे, तो कोपऱ्यातला दिवा—"

"दिवा ठीक आहे. माझे डोळे गेलेत. गेल्या हिवाळ्याच्याही आधीपासून."

"मग आजवर वाचत होतास ते?"

"पाठ."

गडगडकाकांनी विचारलं, "सगळं?"

"सगळं."

मागच्या बाकावरचे वकील उठले. "म्हणजे एवढे दिवस जे वाचन झालं ते सगळं फुकट? झालंच नाही ते?"

माझंच वाक्य! अगदी हेच तर मी म्हणत होते. आणि त्यांच्या तोंडून ऐकताना मला वाटलं, वरून काहीतरी फेकून मारावं. हातात प्रार्थनेचं पुस्तक होतं म्हणून राहिले.

गडगडकाका वळले. "वकीलसाहेब, खाली बसा. हिशेब वरचा बघून घेईल. आता कोण वाचणार ते सांगा. तुम्ही?"

वकील बसले.

कोणीच उठेना. बाबांनी कितीदा म्हटलं होतं, कोणीतरी शिका. सगळे म्हणायचे, मास्तर आहेत ना. गुंडाळी उघडी पडली होती. मग गडगडकाकांनी केमिस्टकडे बोट दाखवलं. नाक्यावरचं औषधांचं दुकान त्यांचं. चाळिशीचे, लाजाळू, बारीक आवाजाचे.

"मला? मला सूर येत नाही! लहानपणी नुसती अक्षरं शिकलोय—"

"डॉक्टरांचं अक्षर वाचतोस ना? मग हे तर देवाचं आहे, सुवाच्य आहे. चल वर!"

सज्ज्यातसुद्धा हशा पिकला. केमिस्ट चढले. बाबा खाली उतरायला लागले, तर केमिस्टनी त्यांची बाही धरली. "मास्तर, तुम्ही जाऊ नका. मी मरेन इथे."

आणि मग ते सुरू झालं. बाबा हळूच एक शब्द सांगायचे, सुरासकट. केमिस्ट काडी टेकवायचे, तो शब्द गुंडाळीत शोधायचे, डोळ्यांनी पकडायचे आणि मग मोठ्याने म्हणायचे. बेसूर! बाबा पुढचा शब्द. केमिस्ट पुढचा शब्द. लहान मूल आणि बाप चालावेत तसे. फक्त मूल कोण आणि बाप कोण, ते मध्येच बदलायचं. बाबा भराभर पुढे जायला लागले की केमिस्ट म्हणायचे, "थांबा, थांबा, ओळ सुटली," आणि बाबा थांबायचे, त्यांच्या कानापलीकडे बघत.

किती वेळ लागला! दुपारच्या जेवणाची वेळ टळली. एकही माणूस उठून गेला नाही. शेवटचा शब्द झाला तेव्हा केमिस्टच्या कपाळावरून घाम गळत होता आणि बाबांनी आपल्या तल्लीथच्या कोपऱ्याने — नाही, खिशातल्या रुमालाने — तो गुंडाळीवर पडायच्या आत टिपला.

आई माझी ओढणी धरून बसली होती. मी वाकले नव्हते तरी.

जिन्यात बाबा भेटले. म्हणाले, "मीठ द्याल का, पदवीधरबाई?"

बुधवार, १२ मार्च

केमिस्ट दुकान बंद करून रोज संध्याकाळी येतात. बाबा शिलाई मशिनच्या खुर्चीवर, केमिस्ट माझ्या जुन्या स्टुलावर. मी छापील पुस्तक धरून अक्षर तपासते, बाबा सूर तपासतात. आवाज अजून फाटक्या शिट्टीसारखा आहे. समोरच्या वहिनींनी विचारलं, "तुमच्याकडे कोणी आजारी आहे का?"

आज केमिस्ट चिडून म्हणाले, "मास्तर, हे तुमच्या डोक्यात राहतं तरी कसं?"

बाबा म्हणाले, "राहत नाही. पायात राहतं. मशिनवर म्हणत म्हणत केलंय पाठ. पाय हलवा."

आता केमिस्ट पाय हलवत वाचतात. खरंच सुधारलंय!

रविवार, १६ मार्च

सोन्याच्या वासराचा भाग. मोशे रागाने पाट्या फोडतो, मग नव्या कोरून आणतो. बाबा शिकवायचे, फुटलेले तुकडेही टाकून दिले नाहीत. नव्या पाट्यांच्या शेजारी त्याच कोशात ठेवले. मी जेवताना सहज म्हटलं, किती छान आहे ना हे.

बाबा म्हणाले, "हो. पण मला तुकडा म्हणत असशील तर जेवू दे आधी."

धाकट्याला ठसका लागला. मलाही.

काल केमिस्टनी बरेच शब्द स्वतःहून वाचले. बाबा शेजारी नुसते उभे. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला. आणि बाबांचे रिकामे ओठ बघवलेही नाहीत.

बुधवार, १९ मार्च

बाबा आज मशिनवर काहीच पुटपुटत नव्हते. विचारलं, तर म्हणाले, "आता कशाला? त्याला येतंय की."

स्टुलावर बसून राहिले. धडा वगैरे काही नाही. नुसती बसून राहिले.

रविवार, २३ मार्च

केमिस्टचं पहिलं एकट्याने वाचन. बाबा खाली, पहिल्या बाकावर, इतरांसारखे. संपल्यावर सगळे केमिस्टला मिठ्या मारत होते. बाबांनीही मारली, मग तल्लीथची घडी घालायला लागले. घडी मोडायचे आणि पुन्हा घालायचे.

आई वरून म्हणाली, "त्यांचा आवाज नाही आला आज." एवढंच.

रविवार, ३० मार्च

काल केमिस्ट मध्येच अडले. खालून बाबांनी शब्द सांगितला. पुन्हा सांगितला. केमिस्ट गुंडाळीवर नाक टेकेल इतके वाकले आणि म्हणाले, "मास्तर, तो शब्द इथे पुरा नाही."

एका अक्षराची शाई पापुद्रा सुटून निघून गेली आहे. कधी, कोणालाच सांगता येईना. बाबा म्हणाले, "डोळे होते तेव्हाही मी त्याच्यावरून तसाच पुढे गेलो असेन." अक्षर तुटलं की ती गुंडाळी वाचायला चालत नाही, आणि आमच्याकडे दुसरी नाही. परगावाहून लेखनिक येऊन ते अक्षर भरेपर्यंत आता वाचन बंद. ती सदोष असल्याची खूण म्हणून पट्टा आवरणाच्या बाहेरून बांधून तिला कपाटात ठेवलं.

कोणी बसेना, कोणी निघेना. मग गडगडकाका बाबांपुढे जाऊन उभे राहिले.

"मास्तर, वाचन म्हणून नाही, आशीर्वादाविना, नुसतं पाठ म्हणा. विसरायला नको म्हणून. आता तोरा सबंध अशी फक्त तुमच्यापाशीच आहे."

बाबा उठले.